लेकरांच्या चालीने

मनन : उत्पत्ती ३३:१२-१४, मार्क १०:४६-५२



नव्या गाड्यांच्या स्टेअरिंगवर हल्ली एक छोटेसे बटण असते. मोकळ्या रस्त्यावर गाडी ऐंशीपर्यंत नेली आणि ते बटण दाबले, की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेता येतो. गाडी ऐंशीनेच चालत राहते. याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. आमच्या मंडळीतल्या तरुणांना या बटणाचे मोठे कौतुक आहे आणि वडीलधाऱ्यांना त्याची थोडी धास्ती आहे. आम्ही बुऱ्हाणपूरचे स्वयंसेवक महिन्यातून कितीतरी वेळा रस्त्यावर असतो. कधी आजाऱ्याला भुसावळ-जळगावला न्यायचे असते, कधी इंदूरला, आणि रविवारी म्हाताऱ्या माणसांना घरून उपासनेला आणायचे असते. म्हणून हे बटण काय करते आणि काय करू शकत नाही, हे आम्ही नीट समजून घेतले. ते समजून घेताना वचनातल्या एका जुन्या प्रवासाची आठवण झाली. तेच आज तुमच्यापुढे ठेवत आहोत.

आधी यंत्राविषयी. चाकांजवळच्या किंवा गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरकडून गाडीचा खरा वेग क्षणोक्षणी कळत असतो. आपण ठरवलेला वेग गाडीतल्या कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेला असतो. तो या दोन आकड्यांची सतत तुलना करतो. खरा वेग कमी पडला तर इंजिनचा जोर थोडा वाढवतो, जास्त झाला तर कमी करतो. फरक लहान असेल तर दुरुस्ती लहान, मोठा असेल तर मोठी. चढ लागला आणि वेग बराच वेळ कमीच राहिला, तर यंत्र जोर आणखी वाढवत नेते. भाकरी भाजणारी आई तव्याकडे बघत गॅस कमी-जास्त करते, तसेच हे आहे. फरक इतकाच, की आई भाकरीकडेही बघते आणि दारात कोण आले आहे तिकडेही बघते. यंत्र फक्त आकड्याकडे बघते.

ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरणारे दोन गोळे बसवले. इंजिन जोरात फिरू लागले की गोळे बाहेरच्या बाजूला उचलले जात आणि वाफेची झडप थोडी मिटे. इंजिन मंदावले की गोळे खाली येत आणि झडप उघडे. एका वेगाने चालण्याचे महत्त्व आपल्या गावाला वेगळे सांगायला नको. ज्यांच्या घरात पॉवरलूम आहे, त्यांना शेजारच्या खोलीत बसूनही लूमची लय चुकली तर कानाला कळते.

गाडीसाठी हे यंत्र ज्याने शोधले, त्याची गोष्ट मात्र आम्हाला नवी होती. त्याचे नाव रॅल्फ टीटर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १८९० मध्ये त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना एका अपघातात त्याची दृष्टी गेली. तरीही तो इंजिनिअर झाला, एका मोठ्या कारखान्याचा प्रमुख झाला आणि १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. असे सांगतात, की तो आपल्या वकिलाच्या गाडीतून जात असे. वकील बोलू लागला की गाडी हळू होई आणि ऐकू लागला की जोरात जाई. शेजारी बसलेल्या टीटरला ते हिसके सहन होईनात. त्यातून त्याने वेग एकसारखा ठेवणारे यंत्र तयार केले. १९५० मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांमध्ये ते बसवले गेले. टीटरच्या सुरुवातीच्या रचनेत ठरलेला वेग आला की पेडल चालवणाऱ्याच्या पायाला उलटे ढकलत असे.

यातली एक गोष्ट आमच्या मनात राहून गेली. वेग आवरणारे हे यंत्र गाडी चालवणाऱ्याने शोधलेले नाही. ते बाजूला बसलेल्याने शोधले. ज्याला रस्ता दिसत नव्हता, ज्याच्या हातात स्टेअरिंग नव्हते, त्यालाच हिसके सर्वांत जास्त जाणवत होते.

आता मर्यादांविषयी. गाडी घेताना मिळणाऱ्या पुस्तिकेत त्या लिहिलेल्या असतात, पण ती पुस्तिका आपल्यापैकी बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडता पडून असते.

पहिली मर्यादा खालची. साधे क्रूझ कंट्रोल एका ठरावीक वेगाच्या खाली चालूच होत नाही. पुष्कळ गाड्यांत ही सीमा ताशी तीस ते चाळीस किलोमीटरच्या आसपास असते. दुसरी मर्यादा उताराची. साधे यंत्र इंजिनचा जोर कमी करू शकते, पण स्वतः ब्रेक लावत नाही. त्यामुळे तीव्र उतारावर गाडी ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळू लागते. तिसरी मर्यादा पावसाची. ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागले, तर पाय पेडलवर असणाऱ्या माणसाला ते लवकर जाणवते. ज्याने पाय काढून बाजूला ठेवला आहे, त्याला उशिरा जाणवते. चौथी मर्यादा नजरेची. साध्या यंत्राला समोरचे काहीच दिसत नाही. महाग गाड्यांत रडार किंवा कॅमेरा असतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखले जाते. तरी उभे असलेले वाहन, रस्त्यात आलेले जनावर किंवा पायी चाललेला माणूस ते ओळखेलच असे नाही.

एक साधे गणितही सांगतो. ताशी शंभरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. चाळीसने गेली तर अकरा मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली रात्री अचानक समोर आली, की हेच गणित कोणाच्या तरी घरादाराचा निकाल लावते. क्रूझ कंट्रोल आणि वेगमर्यादा यांतही आपण गल्लत करतो. शाळेच्या बस, टँकर, डंपर यांना ताशी साठच्या वर जाऊ न देणारे जे यंत्र कायद्याने बसवलेले असते, ते वेगळे. ते वेगाला वरून छत घालते. क्रूझ कंट्रोल छत घालत नाही. आपण जो आकडा देऊ तो ते धरून ठेवते. आकडा चुकीचा दिला तर चुकीचा आकडासुद्धा तितक्याच निष्ठेने धरून ठेवते.

प्रियांनो, हे वाक्य आम्ही आमच्या बैठकीत दोनदा वाचले. यंत्र वेग धरू शकते, पण किती वेग योग्य हे ठरवू शकत नाही. ते ठरवायला गाडीत कोण बसले आहे हे माहीत असावे लागते.

आपल्या गावाचेच बघा. शनवारा दरवाजातून आत शिरा, इतवाऱ्याकडे जा, लोहार मंडीच्या बाजूला वळा. हातगाड्या, सायकली, शाळेतून सुटलेली मुले, लूमवरून कापडाचे गठ्ठे नेणारे टेम्पो. इथे ताशी वीसचा वेग मिळाला तरी देवाचे आभार मानायचे. आमच्या घरभेटी याच गल्ल्यांत असतात. ज्या आजींना ऐकू येत नाही, ज्या भावाची नोकरी सुटली, ज्या घरात आई-मुलाचे बोलणे बंद आहे, ती सगळी घरे अशा ठिकाणी आहेत, जिथे ते बटण दाबले तरी चालू होणार नाही. आणि गावाबाहेर खंडव्याच्या दिशेने वीसेक किलोमीटर गेले, की असीरगड लागतो. जुन्या काळी त्याला दक्खनचा दरवाजा म्हणत. किल्ल्याच्या पायथ्याशी सातपुड्याचा घाट आहे, वळणे आहेत, उतार आहे आणि केळीने भरलेले ट्रक आहेत. आमच्या मंडळीतले एक काका अनेक वर्षे केळीचा ट्रक दिल्लीला नेत. ते नव्या मुलांना सांगतात, "चढताना ज्या गिअरने चढलास, उतरतानाही त्याच गिअरने उतर. घाटात गाडी आपल्या मनाने पळते रे, तिला धरून ठेवावी लागते." म्हणजे गल्लीत ते बटण चालत नाही आणि घाटात चालवू नये. मधला सपाट, सरळ, मोकळा रस्ता तेवढा त्याचा.

मागच्या वर्षीची एक गोष्ट. आमच्या मंडळीतल्या एका मावशींना केमोथेरपीसाठी दर तीन आठवड्यांनी इंदूरला न्यावे लागत होते. गाडी चालवायला एक तरुण दादा तयार झाला. गाडी त्याची स्वतःची, नवी, आणि तिच्यात हे बटण. सकाळी जाताना रस्ता मोकळा मिळाला तिथे त्याने ऐंशीचा वेग धरला. एकसारख्या वेगामुळे मावशींना थोडी डुलकीही लागली. वेळेवर पोहोचले, उपचार झाले.

परतीचा प्रवास वेगळा होता. औषध अंगात गेल्यावर मावशींना प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक ब्रेक पोटात जाणवू लागला. बडवाहच्या अलीकडेच त्या म्हणाल्या, "बाळा, जरा हळू घेशील का? तुला उशीर होईल, पण मला सोसवत नाही रे."

दादा म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगाल तसे. थांबू का?"

नर्मदेचा पूल ओलांडल्यावर मोरटक्क्याला थांबले. सनावदला थांबले. खंडव्याच्या पुढे दोनदा थांबले. इंदूर ते बुऱ्हाणपूर साधारण एकशे ऐंशी किलोमीटर. त्या दिवशी सात तास लागले. गाडी बहुतेक वेळ चाळीसच्या खालीच होती. मागून ट्रक हॉर्न देत होते, मोटरसायकली पुढे जात होत्या, असीरगडचा घाट अंधारात उतरावा लागला. त्या संध्याकाळी दादाला एका घरी प्रार्थनासभा घ्यायची होती आणि दोन घरभेटी होत्या. ते सगळे राहून गेले.

पुढच्या बैठकीत यावर बोलणे झाले, आणि ते बोलणे सोपे नव्हते. आमच्याकडे चालवणारी माणसे चार. आजारी, एकटी, म्हातारी माणसे किती तरी. हिशोब बघणाऱ्या भावाने सरळ प्रश्न विचारला, "एका माणसासाठी एक गाडी आणि एक माणूस पूर्ण दिवस अडकला. त्या दोन घरांना आपण काय सांगायचे? पुढच्या पाच फेऱ्यांना हेच होणार आहे." त्याच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. त्या दोन घरांपैकी एका घरी खरोखरच कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसले होते. त्यामुळे कोणालाही चटकन उत्तर देता आले नाही.

तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी पवित्र शास्त्र उघडले आणि उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय काढला.

याकोब वीस वर्षांनी घरी परतत आहे. समोरून एसाव चारशे माणसे घेऊन येतो. भाऊ भेटतात, रडतात, गळ्यात पडतात. मग एसाव म्हणतो, चला, आपण बरोबर जाऊ, मी तुझ्या पुढे चालतो. एसाव आणि त्याची माणसे मोहिमेला निघाल्यासारखी आहेत, त्यांचा वेग मोठा. याकोब त्याला नम्रपणे नाही म्हणतो. माझी लेकरे लहान आहेत, मेंढ्या आणि गाई पाजत्या आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरेल. तू पुढे जा. मी या जनावरांच्या आणि लेकरांच्या चालीने हळूहळू येतो.

काही अभ्यासक म्हणतात, याकोबाला एसावाबरोबर जायचेच नव्हते, म्हणून त्याने ही सबब काढली. तसे असेलही. तो पुढे सेईरला न जाता सुक्कोथला गेला, हेही शास्त्रातच आहे. पण लेकरे खरी होती आणि पाजत्या मेंढ्याही खऱ्या होत्या. आणखी एक गोष्ट विसरू नये. आदल्या रात्री यब्बोकाच्या उताराजवळ देवाने त्याच्या जांघेला स्पर्श केला होता. याकोब स्वतः लंगडत होता. आयुष्यभर पुढे जाण्यासाठी धडपडलेला, भावाची टाच धरून जन्मलेला हा माणूस आता कळपातल्या सर्वांत दुबळ्या जिवाकडे बघून आपला वेग ठरवतो. देवाने त्याच्याशी झुंज केल्याचे हे पहिले फळ आहे, असे आम्हाला वाटते.

काकांनी वाचून झाल्यावर एवढेच म्हटले, "एसावाचा वेग काही पाप नाही. चारशे माणसांना तो शोभतो. पण आपल्या गाडीत कोण बसले आहे?"

त्यानंतर ठरले, की आजाऱ्याला घेऊन जाणाऱ्याला त्या दिवशी दुसरे काम द्यायचे नाही. त्या दोन घरांना आदल्या दिवशीच निरोप द्यायचा आणि जमल्यास त्यांच्याकडे दुसऱ्याने जायचे. यामुळे महिन्याच्या भेटींचा आकडा कमी झाला. वार्षिक अहवालात तो कमीच दिसतो. मावशींच्या उरलेल्या फेऱ्या त्याच चालीने झाल्या. या पावसाळ्यात त्या प्रभूमध्ये निजल्या. दफनविधीनंतर त्यांच्या लेकीने सांगितले, "आईला औषधांची नावे कधी आठवली नाहीत. पण दादाने पहिल्या दिवशी किती वेळा गाडी थांबवली आणि एकदाही घड्याळ बघितले नाही, हे ती सगळ्यांना सांगायची."

प्रियांनो, घाई माणसाचे काय करते यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे पाळकपणाचे शिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर तो केला गेला आणि १९७३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण करायचे होते. काहींना तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरच बोलायचे होते. वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसलेला होता. तो प्रयोगाचाच भाग होता. ज्यांच्याजवळ भरपूर वेळ होता, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाला असे सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. शोमरोन्याचा दाखला डोक्यात असल्याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने.

आता तो दाखला पुन्हा वाचा. लूकच्या दहाव्या अध्यायात तो याजक यरुशलेमहून यरीहोकडे खाली जात होता. यरुशलेम डोंगरावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. काही तासांच्या वाटेत साधारण एक हजार मीटरचा उतार. तो रस्ता म्हणजे घाटच. आणि उतारावर काय होते ते ट्रकवाल्या काकांनी सांगितले आहेच, गाडी आपल्या मनाने पळते. याजकाला किंवा लेव्याला दुष्ट ठरवायची गरज नाही. ते आपल्या ठरलेल्या वेगाने चालले होते आणि रस्त्याच्या कडेला पडलेला माणूस त्या वेगात बसत नव्हता. शोमरोनी माणूसही त्याच उतारावर होता. त्याने मात्र ब्रेक लावला. मग जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले आणि उरलेली वाट त्याच्या जखमांना सोसेल अशा चालीने गेला.

आमच्या प्रभूचा वेग कोणता होता? तो पायी चालत असे. माणूस पायी तासाला चार-पाच किलोमीटर जातो. जगाचे तारण करायला आलेल्याजवळ सेवेसाठी जेमतेम तीन वर्षे होती, तरी तो त्याच चालीने चालला. आणि त्या चालीतही तो थांबत असे. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, बाप पाया पडून बोलावत आहे, तरी रक्तस्रावाने पीडलेल्या बाईसाठी तो गर्दीत थांबतो आणि तिचे सगळे ऐकून घेतो. शेवटच्या वेळी यरुशलेमकडे निघाला असताना यरीहोबाहेर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतो. पुष्कळ लोक त्याला गप्प बसवतात. मिरवणूक चालू आहे, वेग जमला आहे, कशाला खंड? मार्क लिहितो, की येशू थांबला. वधस्तंभाकडे निघालेला देवाचा पुत्र रस्त्याच्या कडेच्या एका आंधळ्यासाठी थांबला आणि त्याने विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे.

क्रूझ कंट्रोलमधली सर्वांत चांगली गोष्ट हीच, की ब्रेकला पाय लागताच ते बंद होते. ज्याने ते बनवले त्याला माहीत होते, की ठरवलेल्या वेगापेक्षा समोर आलेले काहीतरी नेहमीच मोठे असू शकते. आमच्या प्रार्थनासभा, भेटींच्या याद्या, वर्गांची वेळापत्रके यांनाही असा ब्रेक असला पाहिजे. ज्या सेवेला थांबता येत नाही, तिचा ब्रेक निकामी झाला आहे असे समजावे.

याचा अर्थ ठरलेली शिस्त वाईट, असे मुळीच नाही. सकाळचे वचनवाचन, रात्रीची कुटुंबप्रार्थना, रविवारची उपासना या सवयी म्हणजे सपाट रस्त्यावरचा एकसारखा वेग आहेत. मन लागो न लागो, त्या आपल्याला पुढे नेतात. आपल्या गावचा कुंडी भंडारा आठवा. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावापर्यंत आणले गेले. पंप नाही, चाक नाही. फक्त बेताचा उतार. उतार जास्त दिला असता तर पाण्याने भिंती कापल्या असत्या. दिलाच नसता तर पाणी जागीच गाळ धरून बसले असते. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाण्याचा वेग ठरवताना दोन्हीकडचे भान ठेवले. आपल्या भक्तीलाही असाच बेताचा उतार हवा. आणि थांबावे लागले तर पुन्हा सुरू करायलाही यंत्रात एक बटण असते. आजारपणात, दुःखात ज्यांची प्रार्थना खंडली आहे, त्यांनी लाजू नये. रस्ता सरळ झाला की पुन्हा त्याच वेगाला लागता येते. गेलेल्या दिवसांचा दंड प्रभू मागत नाही.

शेवटचा प्रश्न, वेग ठरवणार कोण? गणनाच्या नवव्या अध्यायात इस्राएल लोकांचा प्रवास आहे. निवासमंडपावरचा मेघ उठला की ते निघत, मेघ थांबला की थांबत. कधी एका रात्रीसाठी, कधी दोन दिवस, कधी महिनाभर, कधी त्याहूनही जास्त. त्या छावणीत म्हातारी माणसे होती, गरोदर स्त्रिया होत्या, पाजती जनावरे होती. त्यांचा वेग कोणी एकदा ठरवून कायमचा धरून ठेवला नव्हता. मेघाकडे रोज नव्याने बघावे लागत होते.

म्हणून या आठवड्यासाठी काही साध्या गोष्टी. गाडी चालवणाऱ्यांनी घाटात, पावसात आणि गर्दीत हे बटण बंद ठेवावे, आणि सरळ रस्त्यावरही पाय ब्रेकजवळच असू द्यावा. रात्री झोप येत असेल तर बटणावर विसंबू नये, गाडी बाजूला घ्यावी. आजाऱ्याला नेताना वेग त्याला विचारावा, काट्याला नाही. घरभेटींची यादी करताना एक जागा रिकामी ठेवावी, वाटेत कोणी हाक मारली तर. आणि जे आज इतरांच्या गाडीत मागे बसले आहेत, ज्यांना आपल्यामुळे सगळ्यांना उशीर होतो असे वाटते, त्यांना आम्ही सांगू इच्छितो, तुम्ही ओझे नाही. तुमच्याकडे बघूनच आम्हाला कळते की किती वेगाने जायचे. तेव्हा सोसवत नसेल तर मावशींसारखे मोकळेपणाने सांगा.

प्रार्थना करू या.

हे प्रेमळ पित्या, तू आम्हाला आमच्या चालीने चालवलेस, कधी दामटले नाहीस, याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या गावातून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर, घाटातल्या प्रत्येक ट्रकवाल्या भावावर आणि रात्री स्टेअरिंगवर जागणाऱ्या प्रत्येकावर तुझा हात असू दे. ज्यांच्या घरी रस्त्यावर गेलेले माणूस परत आले नाही, त्यांचे सांत्वन कर. आमच्या सेवेला वेग दे आणि थांबण्याची कृपाही दे. आमच्यातल्या सर्वांत थकलेल्याकडे बघून चालायला आम्हाला शिकव. बार्तीमयासाठी थांबलेल्या येशूच्या नावाने मागतो. आमेन.